रवंथवाले गोरखभाऊ

गोरखभाऊ नापास कधीच झाले नाहीत. त्यांचं दर वेळी ‘थोडक्यात राहिलं’. हे थोडक्यात म्हणजे एक मार्कही असू शकायचा आणि चाळीसही, त्या शब्दाला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. दुसऱ्यांच्या बाबतीतही ते हाच शब्द वापरायचे. कुणाचं जमत आलेलं लग्न फिसकटलं तर ते थोडक्यात राहिलं, कुणाच्या बोअरला पाणी लागलं नाही तर तेही थोडक्यातच राहिलं. आमच्यातल्या एकाला कुत्रा चावला तेव्हा मात्र हा शब्द कसा बसवावा याचा त्यांनी जरा विचार केला आणि मग सगळ्यांना चहा सांगितला.

आमच्यातल्या म्हणजे अभ्यासिकेतल्या. बीडमध्ये एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर ही अभ्यासिका होती. गिरणी आणि अभ्यासिका दोन्ही हमीदचाचांची. खाली ज्वारी दळली जायची, वर आम्ही स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचो. गिरणी सुरू असली की टेबलांना बारीक थरथर असायची, आणि तिची इतकी सवय झाली होती की लाइट जाऊन गिरणी थांबली की पुस्तकावर डोकं ठेवून झोपलेले सगळे दचकून जागे व्हायचे. गिरणीमुळे बाहेरचा कुठलाच आवाज येत नाही, तेव्हा ही शहरातली सगळ्यात शांत अभ्यासिका आहे, असं चाचांचं म्हणणं होतं आणि फी घेताना ते हे आवर्जून सांगायचे.

मी केज तालुक्यातल्या युसूफ वडगावची. बीडला कॉम्प्युटरची पदवी घेतली होती आणि आता मोठ्या पोस्टचा अभ्यास करते, असं घरी सांगून ठेवलं होतं. तिथल्या प्रत्येकानं घरी काहीतरी सांगून ठेवलेलंच होतं. मुलींची बाजू प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे होती. ते पार्टिशन गोरखभाऊंच्या टेबलापाशी संपायचं, म्हणून मला ते दिवसभर दिसायचे. उंच, मानेतून जरा पुढे झुकलेले, भर उन्हाळ्यात फुल बाह्यांचा शर्ट आणि त्याची बटणं मनगटापर्यंत लावलेली. ‘इंटरव्ह्यूला असंच जावं लागतंय, अंगाला सवय पाहिजे,’ असं ते म्हणायचे. इंटरव्ह्यूपर्यंत ते एकदाही पोचले नव्हते.

घर त्यांचं आष्टी तालुक्यात, कडा गावाच्या पुढं एका वस्तीवर. घरी मेंढरं. दहावीनंतर आपण मेंढरांमागे काठी घेऊन गेलो नाही, ही गोष्ट ते मोठ्या अभिमानानं सांगत, आणि त्यानंतर जे काही सांगत ते सगळं मेंढरांचंच असे.

“मेंढरू दिवसभर चरत न्हाई,” नवा मुलगा आला की ते त्याला जवळ बसवून सांगायचे. “सकाळी चरतंय, दुपारी बसतंय, रवंथ करतंय. दुपारी बसवलं न्हाई तर कितीबी चार, अंगी लागत न्हाई. तुमी लोकं नुसती चरायलाव.”

नवा मुलगा बहुधा वकिलाचा किंवा मास्तरांचा पोरगा असायचा. त्याला आपली तुलना कशाशी झाली हे कळायला थोडा वेळ लागायचा.

मी तिथं जायला लागले तेव्हाच सगळ्यांना ठाऊक होतं की ही गोरखभाऊंची शेवटची बारी आहे. यानंतर वय बसत नव्हतं. वडिलांनी तर त्यांना आधीच सांगून टाकलं होतं. “ह्या बारीला झालं तर सायेब हो, न्हाई तर घरी ये. मला आता मेंढरांमागं पळणं हुईना.” हे गोरखभाऊ आम्हाला हसत हसत सांगायचे. सांगून झालं की पुस्तकाचं तेच पान पुन्हा सुरुवातीपासून वाचायला घ्यायचे.

अशा माणसानं त्या वर्षी काय करावं? अभ्यास करावा, असं कुणालाही वाटेल. गोरखभाऊंनी ॲप काढलं.

त्याचं मूळ चहात होतं. बीडमध्ये दहा मिनिटांचा ब्रेक हा प्रकारच नसतो. टपरीवर गेलं की गावाकडचं कुणीतरी भेटतंच. ते भेटलं की चहा नव्यानं सुरू होतो, कारण पाहुण्याला एकट्याला चहा पिऊ देणं बरं दिसत नाही. तो वयानं मोठा असला तर तो उठेपर्यंत आपल्याला उठता येत नाही. आणि तो तहसीलच्या कामाला आलेला असतो, साहेब जेवायला गेलेले असतात, त्यामुळे त्यालाही कुठं जायची घाई नसते. सकाळी चहाला गेलेली मुलं जेवणाच्या वेळेला परत यायची आणि मग पश्चात्तापानं संध्याकाळपर्यंत जागची हलायची नाहीत. लघवीलाही उठायची नाहीत. गोरखभाऊंच्या मते ही दोन्ही पापं सारखीच होती.

आधी त्यांनी स्टीलचं ताट आणि चमचा आणला. ठरल्या वेळी ताट वाजवून सगळ्यांना उठवायचे आणि ठरल्या वेळी वाजवून बसवायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी हमीदचाचा पिठानं पांढरे झालेले वर आले.

“गोरख, नीचे गिऱ्हाईक पूछ रहे, ऊपर बारसा है क्या बोलके.”

गोरखभाऊंनी ताट पिशवीत ठेवलं आणि पार्टिशनच्या टोकाशी येऊन मला विचारलं, “ताई, तुला ते कॉम्प्युटरचं येतंय म्हनं.”

“थोडं येतं.”

“मंग मोबाईलमधी ताट वाजवता येईल का?”

एवढीच त्यांची मागणी होती. मला वाटलं, चार दिवसांचं काम आहे. पण गोरखभाऊंना सगळंच वेगळं हवं होतं. प्रत्येकानं आपापली वेळ लावायची, असं जगातलं प्रत्येक ॲप करतं, तर ते यांना चालेना. सगळ्यांचा ब्रेक एकदमच व्हायला पाहिजे. “एक बसला अन् एक चरायलाय, असं कळपात न्हाई चालत.” ब्रेक लागला की फोनमध्ये दुसरं काहीच उघडायला नको, असंही त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, तसं फोन करू देत नाही.

“फोन कुनाचा हाय?”

“ज्याचा त्याचा.”

“मंग कावून न्हाई करू देणार?”

याचं उत्तर माझ्या पदवीत नव्हतं. शेवटी स्क्रीनवर बसलेल्या मेंढराचं चित्र टाकलं आणि ते दहा मिनिटं हलत नाही एवढ्यावर तडजोड झाली. ॲपचं नाव अर्थातच ‘रवंथ’. पन्नास मिनिटं अभ्यास आणि दहा मिनिटं रवंथ. त्या दहा मिनिटांत पाणी प्यायचं, परीक्षेचं बोलायचं नाही आणि खिडकीत जाऊन लांबचं काहीतरी बघायचं. अडचण अशी होती की आमच्या खिडकीतून लांबचं काही दिसायचं नाही. समोर एका क्लासचं होर्डिंग होतं आणि त्यावर पास झालेल्यांचे फोटो होते. दोन दिवस सगळ्यांनी ब्रेकमध्ये ते फोटो पाहिले आणि अभ्यासिकेतलं वातावरण फार बिघडलं. मग गोरखभाऊंनी नियम केला की होर्डिंगच्या वर बघायचं. वर पाण्याची टाकी होती. त्या वर्षी आम्ही सगळ्यांनी मिळून ती टाकी जितकी पाहिली तितकी ती बांधणाऱ्यानंही पाहिली नसेल.

आवाज गोरखभाऊंचाच घ्यायचा ठरलं. पहिल्यांदा ते केस विंचरून आले आणि ‘नमस्कार विद्यार्थी मित्रहो, आता आपण विश्रांती घेऊ या’ असं रेकॉर्ड केलं. दुसऱ्या दिवशी ते वाजलं आणि एकही जण उठला नाही. सगळ्यांना वाटलं, बँकेची जाहिरात आहे. पुन्हा रेकॉर्डिंगला बसलो तर एक मुलगा मध्येच खुर्ची ओढून ऐकत बसला. गोरखभाऊंचं टाळकं सरकलं. “उठ बे,” ते त्याला म्हणाले, आणि तो उठला. आम्ही तेच ठेवलं. ब्रेक सुरू होताना ‘उठ बे. पाणी पी. लांबचं बघ.’ आणि संपताना ‘बस बे. झालं तेवढं.’ मुलींना ‘बे’ म्हणायला ते काही केल्या तयार होईनात, म्हणून आमच्यासाठी वेगळं केलं, ‘ताई, उठा. पाणी प्या.’ आमचा ब्रेक त्यामुळे जास्त मानाचा होता. मागे गिरणीची घरघर होतीच, ती काढता आली नाही.

नव्या आवाजाच्या पहिल्या दिवशी सगळे फोन एकदम बोलले. एकदम म्हणजे थोडे मागेपुढे. इकडून तिकडून सगळ्या टेबलांवरून गोरखभाऊ ‘उठ बे, उठ बे’ म्हणायला लागले, पार्टिशनपलीकडून ‘ताई, उठा’ म्हणायला लागले, आणि स्वतः गोरखभाऊ कोपऱ्यात ओठ मिटून, कान टवकारून उभे होते. मी त्यांना इतकं खूश कधीच पाहिलं नव्हतं. सगळे उठले. खरंच उठले. ते सगळ्यांच्या शेवटी खिडकीशी गेले आणि त्यांनी टाकीकडे पाहिलं.

‘रवंथ’ हळूहळू दुसऱ्या अभ्यासिकांत गेलं, तिथून पोरांबरोबर खेड्यापाड्यांत गेलं. पाटोद्याकडचा एक मुलगा सुट्टीला गावी गेला होता. गावात सभामंडपाचं भूमिपूजन होतं. नेते आले होते, बोलायला उभे राहिले होते आणि बराच वेळ बोलत होते. हा पुढच्या रांगेत, वडिलांशेजारी, फोन खिशात. नेते विकासाच्या दुसऱ्या टप्प्यावर आले आणि मांडवात खणखणीत आवाज आला, ‘बस बे. झालं तेवढं.’ नेत्यांनी एकदा मांडवाकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे पाहिलं, आणि बसले. त्या मुलाचं काही वाईट झालं नाही, उलट गावानं त्याच्याकडून ॲप मागून घेतलं. गोरखभाऊंना हे कळलं तेव्हा ते हसले नाहीत. “नेत्याचीबी टाइमिंग बरोबर लागली म्हनायची,” एवढंच म्हणाले.

त्यांनी केलेली मोठी चूक मात्र आमच्याच भागातला माणूस करू शकतो. त्यांच्या लक्षात आलं होतं की मुलांचा निम्मा अभ्यास घरच्या फोननं मोडतो. घरच्यांना बिचाऱ्यांना काय माहीत पोरगं कधी अभ्यास करतंय! मग घरच्यांना कळवावं. ब्रेक लागला की आईवडिलांच्या फोनवर मेसेज जावा, म्हणजे ते तेवढ्या वेळातच बोलतील आणि एरवी पोराला त्रास होणार नाही. मी म्हटलं, “भाऊ, हे करू नका.” ते म्हणाले, “आईबाप हायती ते, दुश्मन न्हाईत.” मी करून दिलं.

आता, जिल्ह्याच्या गावी शिकायला असलेलं पोरगं एकट्या घरचं नसतं. ते सगळ्या गावाचं असतं. गावातलं कुणीही दवाखान्यात, कोर्टात, कचेरीत यायचं असलं की पहिला विचार ‘आपलं पोरगं हाय ना बीडला’ असाच येतो. आत्तापर्यंत त्या पोराचा अभ्यास सुरू असेल या संकोचानं माणसं फोन करायची नाहीत. आता त्यांच्या हातात पोरगं रिकामं कधी आहे याचा पक्का मेसेज यायला लागला. पहिल्याच ब्रेकला अभ्यासिकेतले सगळे फोन वाजले. एकाच्या मामाला स्टँडवरून आणायचं होतं. एकाला पंपाची मोटर दुरुस्तीला टाकली होती ती बघून यायचं होतं. माझ्या आईनं मला लग्नाच्या साडीच्या ब्लाउजला मॅचिंग अस्तर शोधायला पाठवलं, तेही दहा मिनिटांत, कारण मेसेजमध्ये दहा मिनिटं लिहिलेली होती. ब्रेकला अभ्यासिका रिकामी व्हायची ती दुपारीच भरायची. पाणी कुणीच प्यायचं नाही.

आठवडाभरात मुलांनी उपाय काढला. ब्रेक लागायच्या आत ते फोन बंद करून अभ्यासाला बसायला लागले. कुणी उठेना. लघवीला जायचं तरी लोक चोरासारखे जायचे. अभ्यास इतका वाढला की हमीदचाचांनी वर येऊन विचारलं, “सब की तबियत ठीक है ना?”

गोरखभाऊंनी हे दोन दिवस पाहिलं. “निकाल चांगला यायलाय,” ते मला म्हणाले, “पन ह्याला रवंथ म्हनता येत न्हाई.” मग ती सोय काढून टाकायला सांगितली. काढल्यावर सगळ्यात जास्त तक्रार आईवडिलांनी केली. एका मुलाचे वडील तर गेवराईहून भेटायला आले. त्यांचं म्हणणं होतं की ॲप फार चांगलं होतं, पोरगं त्यामुळे पहिल्यांदाच घरच्या उपयोगी पडत होतं.

हे सगळं होत असताना गोरखभाऊंच्या टेबलावरचं पुस्तक पुढे सरकत नव्हतं. मला ते दिसायचं, कारण मी समोरच बसायचे. सकाळी ते पुस्तक उघडायचे आणि थोड्याच वेळात पार्टिशनच्या टोकाशी हजर. मेंढराचा रंग जरा उजळ करता येईल का, ‘लांबचं बघ’ नंतर थोडं थांबून ‘डोळे मीट’ टाकता येईल का, असं काहीतरी. मला त्यांचा रागही यायचा आणि ते आले की बरंही वाटायचं. एकदा मी विचारलंच, “भाऊ, तुमचा अभ्यास कधी करताय?”

“हे ब्रेकमधीच करायलो की मी.”

“तुमचा ब्रेक संपतच नाही.”

ते आपल्या जागेवर परत गेले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते जागचे उठले नाहीत आणि मला दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहिलं.

परीक्षेच्या आधी त्यांनी सगळ्यांसाठी एक मोठा ब्रेक काढला. जवळच्या कपिलधारच्या देवस्थानाला जायचं. धबधब्याला पाणी होतं, दर्शनाला आलेल्यांची गर्दी होती. पाणी बघायचं सोडून आमच्यातला एक जण ओट्यावर चालू घडामोडींचं पुस्तक घेऊन बसला. गोरखभाऊंनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं, त्यावर दशम्या ठेवल्या आणि सगळ्यांना वाढल्या. जेवण झाल्यावर बाकीचे खाली पाण्याकडे गेले. ते आणि मी वरच बसलो होतो.

“ह्या बारीला राहिलं तर काय करणार?” मी विचारलं. हे त्यांना कुणी विचारत नसे.

“काय करायचं? मेंढरं हायतीच.”

“तुम्हाला मेंढरांचं वाईट वाटतं का?”

“मेंढरांचं काय वाईट वाटायचं? गरीब जनावर.” त्यांनी बाहीचं बटण उगाच काढलं आणि परत लावलं. “ताई, मी गावी गेलो की येशीपासून घरापर्यंत जो भेटल तो एकच इचारतो, सुट्टीला आलाव का? कवाच्या गाडीनं परत जायलाव? मी म्हनतो, परवाच्या गाडीनं. लई वर्सं झाली, परवाच्या गाडीनंच जायलोय मी. ह्या बारीला घरी गेलो अन् कुनी इचारलं, तर काय सांगायचं? त्याचं भ्या वाटतंय मला. बाकी कशाचं न्हाई.”

खालून मुलांनी हाका मारल्या म्हणून आम्ही उठलो. परत येताना गाडीत ते सगळ्यात जास्त बोलत होते. मला फार वाईट वाटलं.

परीक्षा झाली. दोन पेपरांच्या मधल्या वेळात त्यांनी आम्हाला शाळेच्या भिंतीच्या सावलीत बसवलं आणि पहिल्या पेपरचं कुणी अक्षर बोललं तर त्याच्याशी आपण बोलणार नाही, असं सांगितलं. कुणी बोललं नाही. आमच्या अभ्यासिकेतून त्या वेळी इतकी मुलं पुढे गेली की हमीदचाचांनी गिरणीवर बोर्ड लावायचं मनावर घेतलं. पुढे गेलेले सगळे गोरखभाऊंच्या पाया पडले. ‘भाऊ, तुमच्यामुळं’ असं प्रत्येक जण म्हणाला, आणि ते पुष्कळसं खरं होतं. पेढेही त्यांनीच वाटले. यादीत माझं नाव नव्हतं, मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. पेढ्याचा बॉक्स माझ्यापुढे धरला तेव्हा मी हळूच विचारलं, “तुमचं?”

“न्हाई झालं,” ते म्हणाले.

नेहमीचा शब्द त्यांनी वापरला नाही. मी पेढा घेतला आणि तो किती वेळ तसाच हातात राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुस्तकं घ्यायला अभ्यासिकेत गेले, तर गोरखभाऊ आपल्या जागेवर बसलेले. बाह्यांची बटणं लावलेली, पुढ्यात पुस्तक उघडं. पुढच्या परीक्षेचा फॉर्म त्यांना भरता येणार नव्हता. हे त्यांना माहीत होतं, आम्हा सगळ्यांना माहीत होतं. हमीदचाचा एकदा दारापर्यंत आले, बघून खाली गेले. त्यानंतर रोज तसंच सुरू राहिलं. ते सगळ्यांच्या आधी यायचे आणि अभ्यास करायचे. खरंच करायचे, पान उलटायचे. आता मला काही सांगायलाही यायचे नाहीत. फोन ‘उठ बे’ म्हणाले की सगळे उठायचे आणि ते मान वर न करता बसून राहायचे. पुण्याला कॉम्प्युटरची नोकरी लागली होती म्हणून मला त्याच आठवड्यात निघायचं होतं, पण मी निघणं पुढं ढकलत होते. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं.

एका सकाळी जिन्यात एक म्हातारे गृहस्थ उभे दिसले. डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर घोंगडं, हातात कापडी पिशवी. त्यांनी वहाणा पहिल्या पायरीलाच काढून ठेवल्या होत्या.

“गोरख हितंच बसतोय का?”

“हो. तुम्ही वडील का? बोलावते त्यांना.”

“नगं, नगं. अभ्यास करायला असंल. सुट्टी कवा हुती?”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. यांना घरी निकाल कळलेला नाही की काय, असं क्षणभर वाटलं. पण त्यांचा चेहरा बघून कळलं की त्यांना सगळं माहीत आहे आणि ते मुलाला न्यायलाच आलेत. फक्त अभ्यासाला बसलेल्या पोराला मध्येच उठवायचं नाही, हे इतक्या वर्षांत अंगवळणी पडलेलं होतं.

“होईलच आता,” मी म्हटलं. ते दाराशी पायरीवर टेकले. मी खुर्ची आणते म्हटलं तर हातानंच नको म्हणाले.

थोड्या वेळानं फोन बोलले. सगळीकडून, थोडे मागेपुढे, ‘उठ बे. पाणी पी. लांबचं बघ.’ म्हातारे दचकून उभे राहिले. त्यांनी आत पाहिलं. खोलीभर त्यांचा मुलगा बोलत होता आणि कोपऱ्यातल्या मुलाचं तोंड बंद होतं. सगळी मुलं उठली, खिडकीकडे गेली, बाटल्या घेऊन बाहेर आली. म्हाताऱ्यांना वाट द्यायला ती भिंतीला चिकटून गेली. गोरखभाऊ तेवढे बसलेले होते.

म्हातारे टेबलांमधून हळूहळू पुढं गेले आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. गोरखभाऊंनी पाहिलं, पण मान लगेच पुस्तकात घातली. मी पार्टिशनपलीकडे माझी बाटली भरत होते. ती कधीच भरून झाली होती.

“तुजा आवाज हाय व्हय ह्यो?” म्हाताऱ्यांनी विचारलं.

“हां.”

“समद्यांच्या फोनात?”

“हां.”

“समदी उठली की रं तुज्या सांगण्यावर.”

गोरखभाऊंनी पान उलटलं. म्हाताऱ्यांनी घाई केली नाही. पिशवी मांडीवर घेऊन ते मुलाशेजारी बसून राहिले. एकदा त्यांनी उघड्या पानाकडे पाहिलं, एकदा खिडकीबाहेर पाहिलं. दहा मिनिटं इतकी लांब असतात, हे मला ॲप करतानाही कळलं नव्हतं.

मग फोन पुन्हा बोलले, ‘बस बे. झालं तेवढं.’ मुलं आत आली, खुर्च्या सरकल्या, सगळे बसले.

म्हातारे उठले. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. “चल, बाळा,” ते म्हणाले. “कुनी इचारलं तर मी सांगतो, मीच आनलंय म्हनून.”

गोरखभाऊंनी पुस्तक मिटलं आणि उठले.